तांबड्या काठाची पाटी

मोरिसेत देल्बोसच्या हातात कात्री असताना तिच्याशी वाद घालू नये, हे रोकव्हेयच्या पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही कळतं. आर्मां कायरोलला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण तो शाळेत कसरत शिकवणारा मास्तर, त्यात सलग अकरा वर्षं सायकल क्लबचा कप्तान. इतकी वर्षं कुणी उलटून बोललं नाही की आपण बरोबरच असतो अशी माणसाची खात्री पटते, आणि मग कात्रीचंही भय उरत नाही.

मोरिसेतचं सलून म्हणजे तिची जुनी पांढरी गाडी. मागच्या सीटवर ड्रायर, आरसा, टॉवेलांची चळत. ही गाडी घेऊन ती वर्षानुवर्षं वाडीवाडीवर जाते आणि लोकांच्या स्वयंपाकघरात त्यांचे केस कापते. नवऱ्याला सांगणार नाहीत ते बाया तिला सांगतात. ती ते पोटात ठेवते, निदान पुढच्या वाडीपर्यंत तरी. फारच चटकदार असेल तर तेवढंही जमत नाही.

सप्टेंबरातल्या त्या संध्याकाळी आर्मां आपल्या स्वयंपाकघरात मानेभोवती टॉवेल गुंडाळून बसला होता आणि मोरिसेत त्याच्या कानामागे कात्री चालवत होती.

"लुसियांला पुन्हा रविवारी यायचंय," ती म्हणाली.

"येऊ दे की. अडवलंय कुणी?"

"तू अडवलंयस. घाट चढून वर गेल्यावर मागच्यासाठी थांबायचं नाही, हा नियम कुणी काढला?"

"अगं, थांबून थांबून पाय गार पडतात. क्लब सायकलचा आहे, बसथांबा नाही. ज्याला ताशी पंचवीस जमत नाही त्यानं मंगळवारी पायी जाणाऱ्या मंडळींत जावं. चांगली माणसं आहेत. हातात काठ्या घेतात, फुलांची नावं शिकतात."

कात्री थांबली. लुसियां मोरिसेतचा नवरा. चीज मुरवायच्या तळघरात काम करण्यात उभा जन्म गेला, आणि क्लब निघाला त्या दिवसापासून एकही रविवार न चुकवलेला माणूस. गेल्या हिवाळ्यात त्याच्या हृदयाची झडप बदलली. डॉक्टर म्हणाला, सायकल चालवा, पण सावकाश, छाती धपापली की पाय टेका. रोकव्हेयचा जुना क्लब असता तर यात काही अडचण नव्हती. पूर्वी प्रत्येक चढाच्या माथ्यावर सगळे थांबत, चॉकलेट खात, मागून येणाऱ्याची टिंगल करत, आणि शेवटचा माणूस पोचला की मगच निघत. आर्मांनं ते बंद केलं. मार्चमध्ये लुसियां तीन रविवार गेला आणि तिन्ही रविवार एकटाच घरी परत आला. चौथ्या रविवारी त्यानं सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगली आणि म्हणाला, "मी कुणाच्या गळ्यातलं लोढणं होणार नाही." तेव्हापासून तो रविवारी सकाळी शिडी लावून छपराची पन्हाळी साफ करतो. त्या वर्षी अख्ख्या आव्हेरों जिल्ह्यात देल्बोसांइतकी स्वच्छ पन्हाळी कुणाची नसेल.

"आर्मां, मी मागणं मागतेय," मोरिसेत म्हणाली. तिच्या तोंडून असं वाक्य फार कमी वेळा निघतं.

"नियम कप्तान करतो. आणि कप्तान कोण ते पाटी ठरवते. यात माझ्या हातात काय आहे, सांग?"

"मग यंदा पाटीला तुझ्यापुढे मी असेन."

आर्मां इतका हसला की कापलेले केस त्याच्या सदऱ्यात शिरले. "मोरिसेत, तू एकसष्टची आहेस."

"मान हलवू नकोस. मान तुझी आणि कात्री माझ्या हातात आहे."

तिनं केस मात्र नीट कापले. केसांनी काही तिचं वाकडं केलं नव्हतं. पण सामान आवरून ती निघाली ती कॉफीला हात न लावता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोऱ्यातल्या प्रत्येक चुलीपर्यंत बातमी पोचली होती की मोरिसेतनं आर्मांच्या घरची कॉफी घेतली नाही, आणि आता काहीतरी होणार.

पाटीचं प्रकरण असं आहे. प्रत्येक गावाच्या वेशीवर गावाच्या नावाची पांढरी पाटी असते, तिला तांबडी किनार. वाड्यावस्त्यांच्या पाट्या काळ्या, त्यांना तांबडा काठ नाही, त्या मोजायच्या नाहीत. आपल्या गावाची तांबड्या काठाची पाटी दिसली की सायकलवाले सगळं शहाणपण विसरतात आणि उधळतात. पोट सुटलेला खाटीक असो की कालच नात झालेला आजोबा, पाटीला पहिलं जायचं म्हणजे जायचं. एरवीच्या रविवारी जिंकणाऱ्याला पोकळ मोठेपणापलीकडे काही मिळत नाही. पण रोकव्हेयमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जो पहिला पाटी ओलांडेल त्याच्या हँडलला क्लबची पितळी घंटा बसते, आणि वर्षभर त्याचा शब्द चालतो. कुठं जायचं, किती वेगानं जायचं, थांबायचं की नाही, सगळं तो ठरवतो.

आर्मां अकरा वेळा जिंकला त्याची युक्ती गावाला पाठ होती. तो अख्खा रस्ता कुणाच्या तरी मागच्या चाकाला चिकटून यायचा. वारा दुसऱ्याच्या छातीवर, घाम दुसऱ्याचा. आणि शेवटी, अक्रोडाची झाडं सुरू झाली की बाजूनं निघून पुढे. यात लबाडी काहीच नाही, सगळेच असं करतात. तो ते इतरांपेक्षा निर्लज्जपणे करायचा, एवढंच.

मोरिसेतकडे शेवटची धाव नव्हतीच. तिच्याकडे होता चढ. पंधराव्या वर्षी ती शहरातल्या सलूनमध्ये उमेदवारीला लागली तेव्हा डोंगरावरच्या घरून रोज सायकलनं खाली जायची आणि दिवसभर बायकांची डोकी धुऊन पुन्हा वर यायची. त्या रस्त्यानं तिच्या पोटऱ्या घडवल्या. पुढे क्लब निघाला तेव्हा पुरुषांनी तिला डबे बांधायला बोलावलं. लुसियां तेव्हा नुसता तिचा प्रियकर होता. तो म्हणाला, "ती सायकलवर येईल, नाहीतर मीही येणार नाही." मितभाषी माणूस, आयुष्यात त्यानं दिलेली धमकी ती एकच. ती लग्नाच्या शपथेपेक्षा मोरिसेतच्या जास्त लक्षात राहिली.

मग सप्टेंबर-ऑक्टोबरात सायकल गाडीच्या पाठीवर चढली. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात मोरिसेत सेनाकचा घाट चढू लागली. सेनाक म्हणजे शेजारचं गाव, डोंगराच्या नाकावर बसलेलं. वर पडकी गढी, गावात शिरायला दगडी कमान, आणि खाली नदीवरच्या पुलापासून तिथपर्यंत नुसती वळणं. घाटाच्या मध्यावर नोएमीची वाडी आहे. नोएमी तिथे शेळ्या पाळते आणि मोरिसेतकडून दर सहा आठवड्यांनी केस रंगवून घेते. एकदा तिच्या डोक्याला रंग लावून मोरिसेत म्हणाली, "आता हा अर्धा तास मुरू दे," आणि घाट चढायला गेली. परत यायला उशीर झाला. नोएमीचे केस तांब्याच्या भांड्यासारखे निघाले.

"असू दे," नोएमी आरशात बघून म्हणाली. "किती वेळा चढलीस?"

"दोनदा."

"मग अजून एकदा जा. आता याहून तांबडे काय होणार आहेत."

खोऱ्यातल्या बाया अशा एकेक करून या कटात सामील झाल्या. कुणी तिला अंडी देई, कुणी अक्रोड. ज्या बाईला केस कापायची गरज नव्हती तीही घाटाजवळ राहते म्हणून बोलावून घ्यायची. गोठ्यात एका संध्याकाळी लुसियां तिच्या सायकलची चेन धूत बसलेला तिला दिसला. चेन धुऊन झाल्यावर त्यानं आढ्याकडे पाहिलं, आपली सायकल खाली काढली आणि तिचीही चेन धुतली.

"शेवटच्या रविवारी तू यायचंस," ती म्हणाली.

"मी पहिल्याच चढाला मागे पडेन."

"पड. पण ये. तू रस्त्यावर नसशील तर मी कुणासाठी मरतेय?"

तो "बरं" म्हणाला. आपल्या पायांवर आपल्यापेक्षा लुसियांची भिस्त जास्त आहे हे तिला माहीत होतं, आणि हरलो तर तो सायकल पुन्हा आढ्याला टांगेल आणि या वेळी कायमची, हेही माहीत होतं.

शेवटचा रविवार उजाडला तो धुक्यात. चर्चपुढच्या चौकात क्लबची सगळी मंडळी जमली. बाझिलनं आपल्या कॅफेत भल्या पहाटेच वजडीच्या पुरचुंड्या शिजत टाकल्या होत्या. शर्यतीनंतर गरम वजडी आणि पांढरी वाइन, हा इथला रविवार, त्याशिवाय पाय दुखले तरी दुखल्यासारखे वाटत नाहीत. पंच म्हणून नेहमीप्रमाणे पुएशबाई. वय नव्वद, अर्ध्या क्लबला त्यांनी शाळेत शिकवलेलं. त्या दर वर्षी पाटीजवळ खुर्ची टाकून, गुडघ्यावर घोंगडी घेऊन बसतात आणि जिंकणारा गेला की शाळेतली शिट्टी वाजवतात. त्यांना खुर्चीसकट गाडीतून नेणं बाझिलकडे.

निघाल्यावर लुसियां पहिल्या चढापर्यंत सगळ्यांबरोबर होता. मग नव्हता. मोरिसेतनं मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती थांबली असती.

नदीवरच्या पुलाशी घोळका आला तेव्हा धुकं विरलं होतं. सेनाकचा घाट लागला आणि दुसऱ्या वळणावर मोरिसेत निघाली. आर्मां तिच्या मागे गेला नाही. "जाऊ दे," तो म्हणाला. "वर पठारावर चार किलोमीटर तोंडावर वारा आहे. आपोआप हातात येईल." हिशेब बरोबर होता, म्हणूनच तो अकरा वर्षं कप्तान होता.

मोरिसेत एकटी चढत राहिली. नोएमीच्या वाडीवर नोएमी तांबडं डोकं घेऊन कुंपणाशी उभी होती, तिनं पातेलं बडवलं. सेनाकच्या कमानीपाशी पुएशबाई खुर्ची टाकून बसलेल्या दिसल्या, शेजारी बाझिलची गाडी. त्यांनी शिट्टी फुंकली. मोरिसेतला वाटलं, आज बाईंना चढ बघायची हौस आली, माझ्यासाठी शिट्टीही वाजवली, किती चांगल्या. एवढं वाटायलाही तिच्याकडे फार श्वास उरला नव्हता.

पठारावर वाऱ्यानं तिला खाल्लं. घोळक्यातली माणसं पाळीपाळीनं पुढे येत होती, आर्मां त्यांच्या आडोशाला. अक्रोडाची झाडं लागली आणि तिला मागून चेनची खरखर ऐकू आली. तिनं होतं नव्हतं ते पेडलवर ओतलं. आर्मां बाजूनं आला, क्षणभर तिच्या बरोबरीला राहिला, आणि गेला. पाटीजवळून जाताना त्यानं दोन्ही हात वर केले.

मोरिसेत त्याच्यामागून पाटी ओलांडून गेली आणि पुढे भिंतीला सायकल टेकून उभी राहिली. तिला रडू येत होतं, पण आर्मांसमोर नाही, असं तिनं ठरवलं. आता घरी जाऊन लुसियांला काय सांगायचं याचाच ती विचार करत होती. तेवढ्यात मागून आलेला क्लबमधला खाटीक म्हणाला, "अरे, ही काय भानगड आहे?"

पाटी तांबड्या काठाचीच होती. फक्त तिच्यावर 'सेनाक' लिहिलं होतं.

त्या मोसमात तरणे शेतकरी सरकारवर तापलेले होते. दुधाला भाव नाही आणि कागद भरून भरून कंबर मोडली म्हणून गावोगावच्या पाट्या ते उलट्या टांगत होते. शनिवारी रात्री रोकव्हेयच्या पोरांना याहून भारी कल्पना सुचली होती. त्यांनी दोन गावांच्या पाट्यांची अदलाबदल केली होती. आणि ज्या पाट्या जन्मभर पाहिल्या त्या वाचतो कोण? घोळका सेनाकच्या कमानीखालून 'रोकव्हेय' लिहिलेल्या पाटीला वळसा घालून गेला होता आणि एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

बाझिलची गाडी आली. पुएशबाई काच खाली करून म्हणाल्या, "उशीर झाला, पण शेवटचा जाईपर्यंत मी थांबणार होते. मग बाझिल म्हणाला, वजडी करपेल. असो. पहिली मोरिसेत."

"बाई, पहिला मी," आर्मां म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय."

"सेनाकच्या पाटीला तू पहिला असशील. ते सेनाकवाल्यांना सांग. नियम काय आहे? रोकव्हेयची पाटी. वेशीवर 'सेनाक' वाचलं तशी मी बाझिलला गाडी पुढे घ्यायला लावली, आणि रोकव्हेयची पाटी आज जिथं आहे तिथं बसले. तिथून ही एकटी गेली, आणि बऱ्याच वेळानं तुम्ही सगळे गप्पा मारत गेलात."

"पण शर्यत तिथं संपते हे मला माहीत असतं तर मी घाटात तिला सोडलं असतं का?"

"आर्मां, शाळेतसुद्धा तू दुसऱ्याच्या पाठीमागूनच पुढे यायचास. पुढे काय आहे ते वाचायची वेळ तुझ्यावर कधी आलीच नाही."

हशा पिकला. मग वादाला तोंड फुटलं. अर्धे म्हणाले बाई बरोबर, अर्धे म्हणाले पोरांचा चावटपणा शर्यत ठरवणार का. खाटकानं घंटा काढायला खिशातून पान्हाही काढला. मोरिसेतनं फक्त हात पुढे करायचा होता. घंटा तिची, नियम तिचा, लुसियां रविवारी घोळक्यात.

पण तिच्या मनाला ते पटेना. आर्मांचं म्हणणं खरं होतं, आणि खरं असलेलं तिला टाळता येत नाही, हा तिचा दोष आहे. अशी मिळालेली घंटा वर्षभर वाजवली तर प्रत्येक वेळी ती पोरांचा चावटपणाच वाजवेल. त्या घंटेच्या जोरावर लोक लुसियांसाठी थांबतील, पण आतून कुरकुरत. आणि लुसियांला कुरकुर लांबूनही ऐकू येते.

"मला हे नको," ती म्हणाली.

"शहाणी आहेस," आर्मां म्हणाला.

"थांब, पुरतं ऐक. आपण पुन्हा जाऊ. तू आणि मी. खाली पुलापासून. रोकव्हेयची पाटी जिथं आहे तिथपर्यंत. आता कुठं आहे ते तुला माहीत झालंय."

तिनं फुकटचा विजय सोडला होता खरा, पण त्याच्या बदल्यात मैदान मागून घेतलं होतं. पठार नाही, वारा नाही, अक्रोडाची झाडं नाहीत. नुसता घाट. आर्मांच्या ते लगेच ध्यानात आलं.

"पुढच्या रविवारी जाऊ," तो म्हणाला. "आज सगळे दमलेत."

"शेवटचा रविवार आज आहे," पुएशबाई म्हणाल्या.

"ती एकसष्टची आहे आणि तू चौपन्नचा," खाटीक म्हणाला. "दमलायस तू होय?"

यावर आर्मांला दुसरा रस्ताच राहिला नाही. मंडळी सायकली आणि गाड्या घेऊन पुन्हा सेनाकच्या कमानीशी गेली, बाईंची खुर्ची पुन्हा पाटीशेजारी मांडली गेली. बाझिलनं कॅफेत फोन करून चुलीची आच कमी करायला सांगितलं. आणि तिथपर्यंत सगळ्यांबरोबर आलेले मोरिसेत आणि आर्मां घाट उतरून खाली गेले.

पुलावर लुसियां कठड्याला टेकून पाणी पीत होता. तोंड लाल, पण श्वास बरा. आपल्याकडे उलट दिशेनं येणारी ही जोडी बघून तो चाट पडला.

"जिंकलीस?"

"अजून नाही."

"अजून नाही म्हणजे काय?"

"वर ये. वर सांगते."

"वर येईपर्यंत वजडी संपेल," लुसियां म्हणाला. मोरिसेतनं त्याच्या गालावरचा घाम आपल्या हातमोज्यानं पुसला आणि सायकल वळवली. आर्मां दुसरीकडे बघत होता.

पुलाच्या टोकापासून दोघं निघाली. आर्मां लगेच तिच्या मागच्या चाकाला चिकटला. सवयच ती. पण चढावर वारा नसतो, तिथं मागे राहून काही वाचत नाही, आणि पुढच्याची पाठ तेवढी बघावी लागते. मोरिसेत उठून उभी राहिली नाही, घाईही केली नाही. पोटऱ्या जशा चालायच्या तशा चालू दिल्या.

"एवढंच का?" आर्मां मागून म्हणाला.

तिनं उत्तर दिलं नाही. बोलायला श्वास लागतो, आणि तो बोलतोय हे चांगलंच होतं.

नोएमीच्या वाडीपाशी आता सात-आठ बाया जमल्या होत्या. फोन फिरले होते. एकीच्या डोक्यावर अजून रोलर होते. त्या ओरडल्या नाहीत. मोरिसेत जवळ आली तेव्हा नोएमी साध्या आवाजात म्हणाली, "तो तोंडानं श्वास घेतोय." आणि हे ऐकायला आर्मांही होता.

वाडीच्या पुढे घाटाचा सगळ्यांत खडा तुकडा. तिथं मोरिसेत पहिल्यांदा सीटवरून उठली. महिनाभर तिनं हाच तुकडा चढला होता, कुठला दगड उखडलाय आणि कुठं पाणी झिरपतं तेही तिला ठाऊक होतं. आर्मां मागे पडला, पाच हात, दहा हात. तिला वाटलं झालं. पण आर्मां काही मातीचा माणूस नव्हता. दातओठ खात तो पुन्हा आला. कमान दिसली, पाटी दिसली, पाटीवरचं नाव दिसलं, आणि त्याच्यातला पाटी बघून उधळणारा घोडा जागा झाला. तो तिच्या बाजूला आला. त्याचं पुढचं चाक तिच्या पेडलपाशी आलं, मग तिच्या पुढच्या चाकापाशी.

आता मोरिसेतकडे पाय उरले नव्हते, श्वास उरला नव्हता, पन्हाळी साफ करणारा लुसियां तेवढा उरला होता. शिडीवर उभा, पाठमोरा, रविवारच्या सकाळी. त्या शिडीचा तिला भयंकर राग आला. त्या रागावर तिनं आणखी एकदा पेडल दाबलं, आणि पुन्हा एकदा, आणि शिट्टी वाजली तेव्हा तिचं चाक पुढे होतं. किती पुढे? हाताच्या पंजाएवढं असेल. पण ते सगळ्यांनी पाहिलं, आणि आर्मांनं सगळ्यांत जवळून पाहिलं.

ती गवतावर आडवी झाली. वर आभाळ निळं होतं आणि कुणीतरी तिच्या तोंडात बळंच चॉकलेट कोंबत होतं. इतका आनंद तिला झाला की हसावं म्हटलं तर खोकलाच येत होता. आर्मां हँडलवर डोकं टेकून बराच वेळ उभा राहिला. मग खाटकाकडून पान्हा घेऊन त्यानं स्वतःच्या हातानं घंटा सोडवली आणि तिच्या हँडलला बसवली. स्क्रू नीट आवळलाय की नाही तेही दोनदा बघितलं.

"चला," बाझिल म्हणाला. "वजडी वाट बघतेय. कप्तान, निघायचं का?"

मोरिसेत उठून बसली. पहिल्यांदाच तिला कुणी कप्तान म्हटलं होतं. "नाही," ती म्हणाली. "थांबायचं. एक माणूस रस्त्यावर आहे."

माथ्यावर गार वारा सुटला होता. घामेजलेले सदरे पाठीला चिकटले होते, पोटात कावळे ओरडत होते. खाटीक एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. पण कुणी हललं नाही. बायाही वाडीवरून चालत वर आल्या होत्या. पुएशबाईंनी घोंगडीची अर्धी बाजू आर्मांच्या खांद्यावर टाकली आणि तो शाळेतल्या मुलासारखा मुकाट त्यांच्याजवळ बसला. सगळे शेवटच्या वळणाकडे बघत होते.

बऱ्याच वेळानं लुसियां वळणावर दिसला. अगदी सावकाश, मान खाली, एकेक पेडल मोजून दाबल्यासारखं. मध्येच पाय टेकला, उभा राहिला, पुन्हा निघाला. कुणीही टाळी वाजवली नाही, त्याला संकोच झाला असता. त्यानं मान वर केली तेव्हा अख्खा क्लब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा होता. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं, आणि ती वाचली.

"रोकव्हेय?" तो म्हणाला. "मला वाटलं अजून सेनाकच यायचंय. इतका जोरात आलो की काय मी?"

त्या दिवशी कुणी न सांगता, ओलांडण्याआधी पाटी वाचणारा सायकलवाला तो पहिला. जे हसू उसळलं ते गढीच्या भिंतींवरून फिरून परत आलं. पुएशबाई डोळे पुसत होत्या. लुसियांला कळेना, हे सगळे का हसतायत आणि उपाशीपोटी इथं काय करतायत.

"कुणासाठी थांबलाय?" त्यानं विचारलं.

"तुझ्यासाठी," आर्मां म्हणाला. हे उत्तर मोरिसेत देणार होती. पण ते त्याच्या तोंडून आलं हे तिला बरं वाटलं.

लुसियांनं मोरिसेतच्या हँडलला बसवलेली घंटा पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याला पाणी दिलं, दम खाऊ दिला, कुणाला घाई करू दिली नाही. मग सायकलवर बसून घंटा एकदाच वाजवली.

"पठारावर तोंडावर वारा आहे," ती म्हणाली. "आर्मां, तू सगळ्यांत पुढे. लुसियां तुझ्या मागच्या चाकाला. त्याचा श्वास कानात ठेवून चालव."

आर्मांनं मान डोलावली आणि पुढे गेला. चार किलोमीटर त्यानं वारा आपल्या छातीवर घेतला आणि एकदाही वेग वाढवला नाही. मागे लुसियां, त्याच्या मागे सगळा क्लब, आणि सर्वांत शेवटी कप्तान, तिथून तिला एकूण एक पाठ दिसत होती. अक्रोडाची झाडं आली, तांबड्या काठाची पाटी आली, आणि कुणीही उधळलं नाही. आर्मां थोडा बाजूला झाला, लुसियांनं न कळता दोन पेडल मारली, आणि तो आपल्या गावात सगळ्यांच्या आधी शिरला.